बारीक वाटण

आमच्या लॅबमध्ये काकांना त्यांच्या नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. तोंडावर काका आणि पाठीमागे खलनायक. हे दुसरं नाव त्यांच्या चिनी मातीच्या खलावरून पडलेलं. त्यांना ते ठाऊक होतं. कुणाच्या तोंडून चुकून निघालंच तर म्हणायचे, "असू द्या, नायक म्हणताय हे काय कमी आहे!" डास मारतानासुद्धा जो माणूस दोनदा विचार करायचा, त्याला असलं नाव ठेवणारी माणसं धन्यच. त्यांत मीही होते.

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, धुलाईखान्याच्या पलीकडे आमची लॅब. तिच्या आत काचेचं दार लावून एक खोली वेगळी केलेली. ती बुरशीची खोली. तिथे पंखा लावायचा नाही, खिडकी उघडायची नाही, कारण बुरशीचे बीजाणू धुळीपेक्षा हलके. बुरशी उगवायला ठेवलेल्या एका प्लेटवरून उडून दुसऱ्या प्लेटवर बसले की रिपोर्टचा बट्ट्याबोळ. त्यामुळे बाराही महिने आत घामाच्या धारा. बाहेरच्या टेबलावर जंतूंचं काम चालायचं. तिथे आज पेरलं की उद्या उगवतं आणि रिपोर्ट देऊन माणूस मोकळा. बुरशीच्या कित्येक प्लेटा चार-चार आठवडे सांभाळाव्या लागतात. आत बदली व्हायची वेळ आली की लॅबमधल्या सगळ्यांची पाठ दुखायला लागे. काका मात्र आपण होऊन आत आले आणि बावीस वर्षं आतच राहिले. त्यांतली अकरा वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली.

काम तसं सांगायला सोपं. ऑपरेशन थिएटरमधून छोट्या बाटलीत एखादा तुकडा यायचा. नाकाच्या आतला, फुफ्फुसाचा, कधी जबड्याचा. तो खलात घ्यायचा, चार थेंब निर्जंतुक पाणी घालायचं आणि बत्त्याने वाटायचा. मग त्या वाटणातला थेंबभर काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे दिसतात का बघायचं आणि उरलेलं प्लेटवर पसरायचं. बाकीचे लोक चाळीस-पन्नास वेळा बत्ता फिरवून हात झटकायचे. काका दोनशे वेळा फिरवायचे. मोजून, ओठ हलवत. तुकडा लहान मुलाचा असला, किंवा अर्जावर पेशंटचं वय कमी दिसलं, की दोनशेचे अडीचशे व्हायचे. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "त्या बिचाऱ्यासाठी आपल्या हातात दुसरं काय आहे? तेवढं तरी मनापासून करावं."

त्यांना ज्यांनी हे काम शिकवलं, ते म्हातारे टेक्निशियन म्हणायचे, वाटण बारीक तर उगवण चांगली. काकांनी ते आयुष्यभर पाळलं. ते खोटंही नव्हतं. क्षयाच्या जंतूंना ते लागू होतं, बहुतेक बुरशींनाही होतं. काकांच्या प्लेटांवर जी हिरवी, करडी, मखमली बुरशी यायची ती बघायला बाहेरून डॉक्टर येत. फक्त एक बुरशी त्यांच्या हाताला कधी फारशी लागली नाही. म्युकर. साखर वाढलेल्या माणसाच्या नाकात शिरते, तिथून डोळ्यात, डोळ्यातून मेंदूत जाते, ती. कधी कधी तुकड्याचे पातळ काप करून बघणाऱ्या स्लाइड विभागाला तिचे धागे दिसायचे आणि आमच्याकडे प्लेट कोरी. तेव्हाच्या साहेबांनी एकदा सांगून टाकलं होतं, "ही बुरशीच हट्टी आहे, प्लेटवर उगवत नाही." साहेबच म्हणाले, मग आमच्यासारख्यांनी कशाला डोकं चालवायचं? विषय तिथेच मिटला.

वर्षातून एकदा नर्सिंगच्या मुली लॅब बघायला यायच्या. तेव्हा काकांची कळी खुलायची. एरवी त्यांच्या तोंडातून शब्द काढावा लागायचा, पण त्या दिवशी फळ्यावर दोन चौकोन काढून ते उभे राहायचे.

"हे जंतूचं घर. एकाच खोलीचं. गुणसूत्र, सामानसुमान, सगळं तिथेच पडलेलं. आणि हे बुरशीचं. केंद्रकाला स्वतंत्र खोली, खोलीला दारं. ऊर्जा बनवायला मायटोकॉन्ड्रिया वेगळे. प्रथिनं घडवायची एका जागी, बांधून पाठवायची दुसऱ्या जागेवरून. आता सांगा, माणसाच्या पेशीचं घर कसं असतं?"

"असंच," मुली म्हणायच्या.

"असंच! बुरशीला बाहेरून एक भिंत जास्त, कायटिनची. झुरळाच्या पाठीवर असतं ना, तेच. तेवढं सोडलं तर बुरशी आपल्या भावकीतली. जंतू परका, त्याला मारायला सोपं. त्याच्यावर टाकलेला दगड आपल्याला लागत नाही. पण भावकीतल्या माणसाशी भांडून कधी कुणाचं भलं झालंय? म्युकरवरचं औषध तिच्या पेशीच्या पडद्याला भोकं पाडतं. आपला पडदा जवळपास तसलाच, म्हणून आपली मूत्रपिंडं जातात. आपलेच दात, आपलेच ओठ. आणि एवढं सगळं करूनही अर्धे जातातच."

हे "अर्धे जातातच" म्हणताना ते खडू ठेवून हात झटकायचे. मुली वहीत लिहून घ्यायच्या.

काकांनी लग्न केलं नाही. घरात ते आणि त्यांची ताई. आई गेली तेव्हा काका सहा वर्षांचे आणि ताई पंधराची. तिने शाळा सोडली, शेजारणीकडून शिवण शिकली आणि शाळेचे गणवेश शिवून भावाला वाढवलं, शिकवलं. त्यात तिचं स्वतःचं लग्न राहून गेलं. मी लॅबमध्ये लागल्यापासून काकांच्या पिशवीत दोन डबे असत, एक माझा. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा ताई मशीनवर बसल्या बसल्याच म्हणाली, "तू ती होय? बस. तुझे काका तिकडे दिवसभर वाटतात म्हणे. इकडे मिक्सरला हात लावायला सांग, मनगट दुखतं त्यांचं." काका वर्तमानपत्रामागे हसत होते. साठीला आली होती तरी ताई सुईत दोरा चष्म्याशिवाय ओवायची. तेवढाच तिला गर्व.

साखर तिलाही होती. एका हिवाळ्यात तिचा उजवा गाल सुजला. दात असेल म्हणून चार दिवस काढले. मग डोळा सुजला, आणि नाकात बघितलं तर काळं. आमच्याच हॉस्पिटलात दाखल केलं. डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं. म्युकर असेल तर डोळा काढावा लागेल आणि ते औषध सुरू करावं लागेल. मूत्रपिंडं साखरेने आधीच निम्मी गेलेली, औषधाने उरलेलीही जातील. "नक्की बुरशीच असेल तर हे करण्यात अर्थ आहे. नसेल तर आपणच त्यांना मारू."

"दोन-तीन दिवस थांबा," काका म्हणाले. "मी सांगतो."

एरवी नाकातला तुकडा दोन ठिकाणी जातो, अर्धा स्लाइड विभागाकडे आणि अर्धा आमच्याकडे. काकांनी सर्जनला हात जोडले, तुकडा एवढासा आहे, सगळा मला द्या, अर्ध्यावर धोका नको. सर्जनने दिला. वीस वर्षं ज्याचा हात बघितला त्याला नाही कोण म्हणेल? काकांनी दार लावून घेतलं. मी काचेबाहेरून बघत होते. त्यांचे ओठ हलत होते, हलतच होते. बाहेर आले तेव्हा शर्ट ओलाचिंब.

"चारशे," ते मला म्हणाले. "आजवर कुणाचं केलं नाही एवढं बारीक केलं. असेल तर सुटणार नाही."

काचेवर त्यांना चुरा दिसला, पेशी दिसल्या, कापसाच्या तंतूंसारखे दोन-चार चोळामोळा झालेले तुकडे दिसले. बुरशीचा धागा दिसला नाही. तिसऱ्या दिवशीही प्लेट कोरीच. काकांनी स्वतःच्या हाताने रिपोर्ट लिहिला आणि वॉर्डात नेऊन दिला. डोळा काढला नाही. ते औषध दिलं नाही. जंतूंवरची औषधं चालू राहिली. आठव्या दिवशी ताई गेली.

त्यानंतर काका जगले ते एका वाक्यावर. कुणी भेटायला आलं, कुणी हळहळलं, की ते शांतपणे म्हणायचे, "मी स्वतः तपासलं. बुरशी नव्हती. दुसरंच काहीतरी होतं, कुणाला कळलं नाही. पण निदान दोन्ही डोळ्यांनिशी गेली." शिवणाऱ्या बाईचा डोळा विनाकारण काढू दिला नाही, हे त्यांनी बहिणीसाठी केलेलं शेवटचं काम होतं. आयुष्यभर घेतलेल्यातलं थोडंसं आपण परत दिलं, असं त्यांना वाटायचं. मलाही तसंच वाटायचं, सव्वा वर्ष.

सव्वा वर्षाने मला दोन आठवड्यांच्या ट्रेनिंगला दुसऱ्या गावी पाठवलं. मोठी संस्था, गारेगार वर्ग, खुर्च्यांना गाद्या. दुसऱ्या दिवशी तिथल्या सरांनी फळ्यावर एक लांब धागा काढला आणि त्यात आडव्या रेघा मारल्या. "ही साधी बुरशी. धाग्यात पडदे आहेत, म्हणजे खोल्या आहेत. तुकडे झाले तरी काही खोल्या जिवंत राहतात, त्यांतून पुन्हा उगवते." मग शेजारी दुसरा धागा काढला. रुंद, नुसता, आत शेकडो ठिपके. "ही म्युकर. पडदे जवळजवळ नाहीतच. शेकडो केंद्रकं एकाच नळीत वाहतायत. ही नळी एका जागी फुटली की आतलं सगळं वाहून जातं. म्हणून म्युकरचा संशय असेल तर तुकडा कधीही वाटायचा नाही. ब्लेडने बारीक कापायचा. वाटलात की तुम्ही तिला खलातच मारलीत. प्लेटवर काही येणार नाही, काचेवर चोथा दिसेल."

आजूबाजूला सगळे लिहून घेत होते. माझ्या वहीत "म्हणून म्युकरचा" एवढंच लिहिलेलं आहे, अजून आहे. मला काचेपलीकडचे ते हलणारे ओठ दिसत होते. चारशे. अति तिथे माती, असं आमची आई म्हणायची. मला त्या म्हणीचा इतका राग कधी आला नव्हता.

परत येताना गाडीत मी ठरवलं की सांगायचं. लॅबच्या पायऱ्या उतरताना ठरवलं की उद्या सांगू. काकांनी डबा पुढे केला. ताई गेल्यापासून ते स्वतः करायचे, कच्चंपक्कं काहीतरी, पण डबे दोनच असायचे. म्हणाले, "काय शिकून आलीस? आम्हालाही शिकव की." मी म्हटलं, "तेच सगळं काका, नवीन काही नाही."

काय सांगणार होते मी? काका, तुमच्या ताईला म्युकरच असावी, आणि ती तुम्ही चारशे वेळा बत्ता फिरवून लपवली? त्या माणसाजवळ एकच गोष्ट उरलेली होती, ती माझ्या हाताने काढून घेऊ? नव्या मॅडम आल्या होत्या लॅबप्रमुख म्हणून. त्यांना सांगावं, सोनारानेच कान टोचलेले बरे, असंही मनात आलं. पण मॅडमनी विचारलं असतं, आधी काय करत होतात, आणि मग सगळी रजिस्टरं निघाली असती. झाकली मूठ झाकलीच ठेवावी, असं मी ठरवलं. मी स्वतःला समजावलं की नियम पाळला गेला म्हणजे झालं, कारण कळायची काही गरज नाही.

मग माझी नाटकं सुरू झाली. तुकडा आला की काकांच्या आधी मी धावायची. "काका, तुमचं मनगट दुखतंय, तुम्ही प्लेटा वाचा." "काका, मला सवय करायची आहे, तुम्ही रिटायर झालात की मीच ना?" मी काचेच्या बशीत ब्लेडने कापायला लागले. काका एकदा मागे येऊन उभे राहिले.

"अगं, हे काय, भाजी चिरतेस का?"

"ट्रेनिंगला असंच दाखवलं काका. नवी फॅशन."

"फॅशन नाही, अंगचोरपणा आहे हा. वाटायला नको म्हणून." पण ते हसत होते, आणि खल त्यांनी मला हाताशी असावा म्हणून टेबलावर सरकवून ठेवला.

दुसऱ्याच महिन्यात माझ्या प्लेटवर म्युकर आली. दोन दिवसांत प्लेटभर कापूस पिंजल्यासारखी, झाकणाला टेकलेली. काकांनी प्लेट उजेडाकडे धरली. बावीस वर्षांत त्यांनी ती चार-पाच वेळाच पाहिली असेल. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला तिथे उभं राहवेना. "तुझ्या हाताला गुण आहे पोरी," ते म्हणाले. "माझ्या हाताला ही कधी फळली नाही." पुढच्या महिन्यात आणखी एक आली. ते लॅबभर सांगत सुटले, पोरीच्या हाताला गुण आहे. मी तोंड दाबून ऐकत राहिले. त्यांना एकदाही शंका आली नाही, आणि मला त्यांच्या या भाबडेपणाचा राग यायचा. स्वतःचा यायला हवा होता.

असे सात महिने गेले. मग माझ्या सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आणि मला चार दिवसांची रजा घ्यावी लागली. जाताना मी खल कपाटात अगदी मागे, जुन्या बाटल्यांच्या आड सारून ठेवला आणि काकांना सांगितलं, "खलाला तडा गेलाय, वापरू नका. तुकडा आला तर सरळ ब्लेडने कापा." कारण सांगितलं असतं तर एक मिनिट लागलं असतं. मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी खल शोधून काढला, उजेडात फिरवून बघितला आणि तडा नाही हे बघून खूश झाले. बावीस वर्षांचा सोबती तो, त्यांना सापडणार नाही असं मला वाटलं तरी कसं?

परत आले तेव्हा रजिस्टरमध्ये त्यांच्या वळणदार अक्षरात नोंद होती. पुरुष, वय एकोणचाळीस, बस ड्रायव्हर, साखर, नाकातला तुकडा. बुरशी दिसली नाही. वाढ नाही. मी विचारलं, "काका, हा कापलात ना?"

"कापतोय कसला! तरणाताठा माणूस, दोन लेकरं आहेत म्हणे. म्हटलं, इथे फॅशन नको. तीनशे केलं."

मी वॉर्डात धावले. जिना चढताना मी काय सांगायचं ते जुळवत होते, पुन्हा तुकडा घ्या, आमच्याकडून चूक झाली. पलंगावर नवीन चादर घालत होते. नर्सने सांगितलं, सकाळीच गेला. रिपोर्टमध्ये बुरशी नाही असं आलं म्हणून ते औषध राहिलं होतं.

काकांनी जे केलं ते माहीत नसताना केलं. मी माहीत असून होऊ दिलं. यावर कुठलंही पांघरूण घालता येत नाही, मी घालून बघितलं आहे.

दोन दिवसांनी मॅडम आत आल्या. हातात स्लाइड विभागाचा कागद. ड्रायव्हरच्या तुकड्याचा दुसरा अर्धा तिकडे गेला होता, त्याचा रिपोर्ट पाच दिवसांनी आला होता. रुंद, पडदे नसलेले धागे, खच्चून भरलेले. मॅडम चिडलेल्या नव्हत्या, त्यांना फक्त समजून घ्यायचं होतं.

"काका, हा तुकडा तुम्ही वाटला होता की कापला होता?"

"वाटला. चांगला तीनशे वेळा, मॅडम. माझ्याकडून कसर नाही."

"अहो काका, म्युकर वाटायची नसते." आणि त्यांनी तिथेच, अर्जाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ती नळी काढली, आत ठिपके काढले. नर्सिंगच्या मुलींना काका ज्या सोपेपणाने सांगायचे तितक्याच सोपेपणाने त्यांनी सांगितलं. खोल्याच नाहीत, एका जागी फुटली की सगळी संपली. ताईबद्दल त्यांना काहीच माहीत नव्हतं. "यापुढे लक्षात ठेवा हं," म्हणून त्या गेल्या.

काका त्या चित्राकडे बघत राहिले. मग त्यांची नजर माझ्या टेबलावर गेली. काचेची बशी, ब्लेड, चिमटा. त्यांनी ते सगळं सावकाश बघून घेतलं. "ट्रेनिंगपासून?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"तरीच," ते म्हणाले. "हाताला गुण."

त्यांनी आवाज चढवला नाही. रागावले असते तर मी पायावर डोकं ठेवून रडले तरी असते. ते उठले, खल आणि बत्ता घासला, फडक्यात गुंडाळला, वाफेच्या भांड्यात ठेवला आणि घड्याळ लावून समोर स्टुलावर बसले. वेळ भरल्यावर बाहेर काढला, पुसला आणि कपाटात जिथे मी लपवला होता तिथेच नेऊन ठेवला. रिटायर व्हायला चार महिने राहिले होते. त्या चार महिन्यांत त्यांनी नखं तपासली, त्वचा तपासली, प्लेटा वाचल्या, पण तुकड्याला हात लावला नाही. दुपारी ते जुनी रजिस्टरं काढून बसायचे. एकेका ओळीवर बोट ठेवून वाचायचे. मी काही विचारत नसे. त्या वर्षी नर्सिंगच्या मुली आल्या तेव्हा फळ्यापाशी मी उभी राहिले. आणि डबा एकच येऊ लागला.

ते रिटायर झाल्यावर महिन्याभराने मी त्यांच्या घरी गेले. जायचं धाडस होत नव्हतं, न जायचंही होत नव्हतं. त्यांनीच दार उघडलं, चहा केला. ताईची मशीन खिडकीपाशी होती तशीच, वर कापड घातलेलं. तिच्यावरच्या रिळात दोरा होता, त्याचं टोक सुईत ओवलेलं. ते ताईने ओवलेलं असणार. आम्ही पेन्शनचे कागद, नवीन टेक्निशियन, असं काहीबाही बोललो. मग ते अचानक म्हणाले, "एक विचारू? तू शिकून आलीस म्हणून विचारतो."

"विचारा ना काका."

"ताईचं मी चारशे केलं. नेहमीसारखं दोनशेवर थांबलो असतो, तर एखादा धागा राहिला असता का गं?"

मला वाटलं, इथे तरी खरं सांगून त्यांना थोडं सोडवता येईल. प्रेमापोटी जास्त वाटलं म्हणून झालं, एवढं ओझं तरी उतरेल. मी म्हटलं, "नाही काका. दोनशेतही काही राहत नाही. पन्नासातही नाही. तुम्ही जास्त केलंत म्हणून काहीही झालेलं नाही."

त्यांनी कप खाली ठेवला. मी काय बोलून बसले ते मला तेव्हा कळलं.

"मग बाकीचे?" ते म्हणाले. "बावीस वर्षांतले?"

"काका, अर्धे तसेही जातातच," मी घाईघाईने म्हटलं. "औषध दिलं तरी. तुम्हीच तर शिकवायचात."

"हो. मीच शिकवायचो." त्यांनी कपातल्या चहावरची साय बोटाने बाजूला केली. "अर्धे जातात. म्हणजे अर्धे राहतात गं. इतकी वर्षं मुलींना सांगितलं, पण ते तसं कधी माझ्या डोक्यात आलं नाही."

खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करत होतं, ती होत नव्हती. आम्ही दोघं तो आवाज ऐकत बसलो.

निघताना मी चप्पल घालत होते तेव्हा ते दारापर्यंत आले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. अकरा वर्षांत त्यांनी असं कधी केलं नव्हतं. "आणि हे बघ," ते म्हणाले, "तो ड्रायव्हर तू मनाला लावून घेऊ नकोस. तू रजेवर होतीस. बत्ता माझ्या हातात होता. तो माझ्यातच धर."

काका, तो माझा आहे, एवढंच मला म्हणायचं होतं. चार शब्द. त्यांच्या डोक्यावर आधीच इतके होते की त्यांतला एक तरी मी उचलायला हवा होता.

"बरं काका," मी म्हटलं, आणि जिना उतरले.